साम्य-विरोधाची संयोजके : इंग्रजी गद्यातील एक नैतिक प्रश्न

इंग्रजी निबंधलेखन शिकविणाऱ्या बहुतेक पुस्तकांत एक यादी हमखास आढळते. एका रकान्यात साम्य दाखविणारे शब्दप्रयोग असतात : ‘सिमिलरली’, ‘लाइकवाइज’, ‘इन द सेम वे’. दुसऱ्या रकान्यात विरोध दाखविणारे असतात : ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘ऑन द अदर हँड’, ‘बाय कॉन्ट्रास्ट’. ह्या शब्दांना सामान्यतः रस्त्यावरील दिशादर्शक पाट्यांची उपमा दिली जाते. वळण कोठे आहे हे वाचकाला आधी कळावे आणि त्याची वाट चुकू नये, एवढेच त्यांचे कार्य मानले जाते. पाटी रस्ता तयार करीत नाही, ती तो केवळ दाखविते. ह्या उपमेत एक गृहीत दडलेले आहे. दोन विचार आधीच सिद्ध आहेत, त्यांच्यातील नातेही आधीच ठरलेले आहे आणि संयोजक ते नाते फक्त कळविते, असे ते गृहीत आहे. त्याची तपासणी होणे अगत्याचे आहे. कारण इंग्रजी गद्यात अशी कितीतरी स्थळे दाखविता येतात की जेथे खरा वादग्रस्त मुद्दा कोणत्याच विधानात सांगितलेला नसतो. दोन विधानांच्या मधोमध बसलेल्या एका लहानशा अव्ययात तो असतो आणि तेथून तो वाचकाच्या संमतीवाचूनच त्याच्या मनात उतरतो.

संयोजकांविषयीच्या ह्या आग्रहाला इतिहास आहे. ॲबर्डीन विद्यापीठात तर्कशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या अलेक्झांडर बेनने आपल्या ‘इंग्लिश कॉम्पोझिशन अँड रेटरिक’ (१८६६) ह्या पाठ्यपुस्तकात परिच्छेदाचे जे नियम घालून दिले, त्यांत प्रत्येक वाक्याचा आधीच्या मजकुराशी असलेला संबंध निःसंदिग्ध असला पाहिजे, ह्या नियमाला अग्रस्थान होते. पुढे जॉन हाइंड्स ह्याने १९८७ मध्ये हाच आग्रह तौलनिक दृष्टीने मांडला. इंग्रजीत अर्थ स्पष्ट करण्याची जबाबदारी लेखकावर असते, तर जपानीसारख्या भाषेत ती मुख्यतः वाचकाने उचलायची असते. म्हणून इंग्रजी लेखकाने एका विधानाकडून दुसऱ्याकडे जाणारे दुवे प्रत्यक्ष पुरविले पाहिजेत, असे त्याचे प्रतिपादन आहे. हाइंड्सच्या विवेचनातील ‘जबाबदारी’ हा शब्द केवळ सुबोधतेपुरता आहे. परंतु जबाबदारी हा शब्द एकदा वापरल्यावर तो तेवढ्यावर थांबवता येत नाही. दुवा पुरविणारा लेखक त्या दुव्याच्या खरेपणालाही जबाबदार असतो की नाही, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतोच.

ह्या प्रश्नाची पूर्वतयारी जॉन लॉकने करून ठेवली आहे. ‘ॲन एसे कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग’ (१६९०) ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातील सातवे प्रकरण अव्ययांसंबंधी आहे. ग्रंथाच्या एकूण पसाऱ्याच्या मानाने ते अगदीच आटोपशीर आहे आणि कदाचित म्हणूनच ते दुर्लक्षित राहिले. नामे ही कल्पनांची नावे असतात, पण अव्यये कोणत्याही कल्पनेची नावे नसतात. मन कल्पनांना जोडते, तोडते, मर्यादित करते किंवा परस्परांसमोर उभे करते, त्या मनोव्यापाराची ती चिन्हे होत, असे लॉक म्हणतो. ‘बट’ हा एकच शब्द घेऊन तो मनाचे निरनिराळे पवित्रे कसे दर्शवितो, हे त्याने उदाहरणांनी दाखविले आहे. लायब्नित्सला केवळ उदाहरणे पुरेशी वाटली नाहीत. त्या सर्व उपयोगांच्या जागी बसू शकेल असे एखादे स्पष्टीकरण शोधले पाहिजे, असे त्याने लॉकला दिलेल्या उत्तरात म्हटले. तो वाद येथे बाजूला ठेवता येईल. महत्त्वाचे आहे ते लॉकचे मूळ निरीक्षण. अव्यय जर मनोव्यापाराचे चिन्ह असेल, तर ते वापरणे ही कृती ठरते. आणि कृतीविषयी ती योग्य की अयोग्य, असे विचारता येते.

आधुनिक तर्कशास्त्राने मात्र हा प्रश्न जवळजवळ निकालात काढला. गोटलोब फ्रेगे ह्याने १८७९ मध्ये आणि पुन्हा १९१८ मध्ये असे दाखविले की, ‘आणि’च्या जागी ‘पण’ घातल्याने विधानाच्या सत्यासत्यतेत काहीही फरक पडत नाही. दोन्ही घटक-विधाने खरी असली की ‘पण’ने जोडलेले संयुक्त विधानही खरेच. पुढे येणारी गोष्ट सहजी अपेक्षिली गेली नसती, एवढे ‘पण’ सुचविते. मात्र हे सूचन विचाराचा भाग नव्हे, ती केवळ त्यावरील रंगछटा होय. पॉल ग्राइसने १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि पुढे १९७५ मध्ये मुद्रित झालेल्या व्याख्यानात हीच भूमिका अधिक बारकाईने मांडली. अमुक मनुष्य इंग्रज आहे आणि ‘म्हणून’ तो शूर आहे, असे बोलणाऱ्याने त्या मनुष्याचे इंग्रजपण व शौर्य ह्या दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिलीतून दुसरी निष्पन्न होते हे त्याने काटेकोर अर्थाने ‘सांगितलेले’ नाही, तरी शब्दाच्या रूढ अर्थानेच तो त्याला बांधला गेला आहे. सांगितलेले नाही, पण बांधील मात्र आहे. ग्राइसचा हेतू अर्थविचाराचा होता, परंतु नीतिविचाराला लागणारी नेमकी जागा ह्या अडनिड्या स्थितीतच आहे.

संस्कृत व्याकरणपरंपरेला ही अडचण अपरिचित नव्हती. निपात हे अर्थाचे वाचक असतात की केवळ द्योतक, ह्यावर वैयाकरण आणि नैयायिक ह्यांच्यात मतभेद होता. निपात स्वतः अर्थ सांगत नाही, दुसऱ्या पदाच्या ठायी असलेला अर्थ तो उजळतो, असे वैयाकरणांचे म्हणणे. तर उपसर्ग द्योतक असले तरी ‘च’सारखे निपात वाचक होत, असे नैयायिकांचे. फ्रेगे-ग्राइस आणि ही चर्चा ह्यांची तुलना एका मर्यादेतच करता येते : लहान शब्दाचा अर्थ विधानाच्या आत मोजायचा की बाहेर, एवढ्याच बाबतीत. बाकी दोघांची उद्दिष्टे निराळी आहेत. मात्र यास्काने ‘निरुक्ता’त निपातांचे जे तीन वर्ग केले, ते ध्यानी घेण्यासारखे आहेत. उपमा दाखविणारे, अर्थांचा समुच्चय करणारे आणि केवळ पदपूरण करणारे असे ते वर्ग होत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतील इंग्रजी गद्य वाचताना ह्यांपैकी तिसरा वर्ग किती दूरदृष्टीचा होता, ह्याची वारंवार प्रचिती येते. तेथे दर चौथ्या वाक्यारंभी येणारा ‘हाउएव्हर’ कशालाच विरोध करीत नसतो.

पदपूरण निरुपद्रवी असते. अर्थपूर्ण संयोजक तसे नसते. इंग्रजीत ‘गरीब पण प्रामाणिक’ अशा अर्थाचा एक घासून गुळगुळीत झालेला प्रयोग आहे. त्यात दोन गुणधर्म सांगितलेले आहेत आणि ज्या मनुष्याविषयी ते सांगितले, त्याच्या बाबतीत दोन्ही खरे असू शकतात. तथापि हा प्रयोग ज्याला अडखळल्याशिवाय समजतो, त्याने एक तिसरी गोष्ट मान्य केलेली असते : गरिबांकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा नसते. ही गोष्ट कोणी प्रतिपादिलेली नाही, म्हणून तिचे खंडन कोठे करावे हेही कळत नाही. ‘हे खोटे आहे’ असे म्हणावे, तर लेखक त्या मनुष्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा पुढे करील. मराठी वाचकाला ह्यासाठी दूर जावे लागत नाही. वधूवरविषयक जाहिरातींतील ‘सावळी पण नीटस’ ह्या शब्दांनी हेच काम पिढ्यान्पिढ्या केले आहे. मराठी व्याकरणाने ‘पण’, ‘परंतु’ इत्यादींना ‘न्यूनत्वबोधक’ अव्यये म्हटले आहे. इंग्रजी व्याकरणातील संज्ञा केवळ विरोध सांगते; मराठी संज्ञा पहिल्या वाक्यात काहीतरी उणे आहे, हे सांगते. ती अधिक प्रामाणिक आहे, कारण ‘पण’च्या आधी येणाऱ्यावर काय गुदरते, ते तिने लपविलेले नाही.

रॉबिन लेकॉफ ह्या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने १९७१ मध्ये ‘बट’चे दोन उपयोग वेगळे केले. एक उंच आहे आणि दुसरा ठेंगणा, अशा वाक्यात विरोध शब्दांच्या अर्थांतच असतो. दुसऱ्या प्रकारात मात्र एखादी अपेक्षा नाकारली जाते आणि ती अपेक्षा वाक्याबाहेर, समाजाच्या समजुतींत असते. नैतिक प्रश्न मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा आहे. आणि त्यात सर्वांत अवघड बाब ही की, अपेक्षा कोणाची, हे संयोजक कधीच सांगत नाही. ती लेखकाची असेल, वाचकाची असेल, वर्णिलेल्या समाजाची असेल किंवा कोणाचीच नसेल. अव्ययावर मालकाचे नाव नसते.

ह्या मुद्द्याचे एक प्रसिद्ध उदाहरण बायबलच्या भाषांतरांत सापडते. ‘गीतरत्ना’च्या पहिल्या अध्यायात नायिका स्वतःविषयी दोन गोष्टी सांगते : आपण काळ्या आहोत आणि आपण सुंदर आहोत. मूळ हिब्रूत त्या दोहोंमध्ये ‘वाव’ हे एकाक्षरी, शब्दाला चिकटून येणारे संयोजक आहे आणि ते प्रसंगानुसार ‘आणि’ वा ‘पण’ अशा दोन्ही अर्थांनी येते. प्राचीन ग्रीक भाषांतराने तेथे ‘आणि’ ह्या अर्थाचा शब्द ठेवला. लॅटिन व्हल्गेटमध्ये ‘सेद’, म्हणजे ‘पण’, आले. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने ‘बट’ घातले, १९५२ च्या सुधारित आवृत्तीनेही ते कायम ठेवले. १९८९ च्या ‘न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन’मध्ये मात्र त्याच्या जागी ‘अँड’ आले. साडेतीन शतकांहून अधिक काळ ज्या इंग्रजी वाचकांनी हे वाक्य वाचले, त्यांच्यात ज्यांची कातडी काळी होती असे असंख्य लोक होते. त्यांना त्यांच्या धर्मग्रंथाच्या एका अव्ययाने काय सांगितले, हे वेगळे स्पष्ट करण्याची आवश्यकता नाही.

तरीसुद्धा १६११ च्या भाषांतरकारांना केवळ पूर्वग्रहाचे धनी ठरविणे हे वाचनाचे आळशीपण ठरेल. लगेच पुढच्या वचनात नायिका आपल्या काळेपणाकडे निरखून पाहू नका असे विनविते आणि उन्हाने आपण काळवंडलो असे कारण देते. तिच्या भोवतालच्या जगाला काळेपणा उणा वाटतो, हे संहितेतच सूचित आहे. ‘बट’ ही त्या जगाची अपेक्षा तिच्या तोंडून नाकारते, असा पक्ष मांडता येतो. ‘अँड’ ती अपेक्षा पुसून टाकते आणि तिच्याबरोबर नायिकेचे आव्हानही काहीसे फिके करते, असेही म्हणता येईल. दोन्ही भाषांतरांत काही गमावते. फरक इतकाच की, हिब्रू संयोजकाने जी निवड वाचकावर सोपविली होती, ती इंग्रजीतील दोन्ही पर्यायांनी त्याच्यासाठी आधीच करून टाकली आहे. ‘अँड’ निवडणाऱ्याने निवड टाळली, हा समज खरा नाही.

अपेक्षेइतकाच भाराचाही विचार करावा लागतो. ‘पण’ने जोडलेल्या दोन वाक्यांत युक्तिवादाचा भार नेहमी दुसऱ्यावर पडतो, हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ऑस्वाल्ड द्युक्रो ह्याने सविस्तर विशद केले आहे. ‘सावळी पण नीटस’ आणि ‘नीटस पण सावळी’ ह्यांत माहिती एकच आहे. पहिले वाक्य स्थळ सुचविते, दुसरे ते नाकारते. कबुली आधी आणि निष्कर्ष नंतर, ही इंग्रजी निबंधाची लाडकी रचना ह्या यंत्रणेवर उभी आहे. तिचा एक नमुना भारतीय वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. २ फेब्रुवारी १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणात थॉमस बॅबिंग्टन मेकॉले आपणास संस्कृत वा अरबी येत नाही, हे सरळ सांगून टाकतो. त्याचे पुढचेच वाक्य ‘बट’ने सुरू होते : त्या भाषांतील ग्रंथांचे योग्य मोल ठरविण्यासाठी शक्य ते आपण केले आहे, भाषांतरे वाचली आहेत, जाणत्यांशी बोललो आहोत. तेथून थोड्याच ओळींत तो युरोपीय ग्रंथालयातील एका फळीसंबंधीच्या त्या कुप्रसिद्ध निवाड्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

मेकॉलेच्या निवाड्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या ‘बट’ची झालेली नाही. वस्तुतः सारा युक्तिवाद तेथे आहे. ज्याला एखादी भाषा येत नाही त्याने तिच्या वाङ्मयाचा निवाडा करू नये, ही अपेक्षा मेकॉलेला ठाऊक होती. ठाऊक नसती तर ‘बट’ची गरजच नव्हती. त्याने ती नाकारली, मात्र कारण देऊन नाकारली नाही. भाषांतरे वाचणे हे भाषा येण्याची उणीव भरून काढू शकते का, हा जो खरा वादाचा प्रश्न, तो त्या अव्ययाने सुटलेला दाखविला. शिवाय कबुलीने त्याच्या पदरात प्रामाणिकपणाचे श्रेयही पडले. स्वतःचे अज्ञान इतक्या मोकळेपणाने सांगणारा लेखक पुढे चुकीचे कसे सांगेल, असे वाचकाला वाटावे अशी ही योजना आहे. मेकॉले येथे खोटे बोललेला नाही. फ्रेगेच्या कसोटीला त्याची दोन्ही वाक्ये उतरतील. तरी वाचकाची फसगत झाली असेल, तर ती कोठे झाली हे दाखविण्यासाठी सत्यासत्यतेखेरीज आणखी एखादी कसोटी लागते. संयोजकापुढे थांबून ‘कोणती अपेक्षा, आणि ती का सोडायची?’ असे विचारले असता लेखकापाशी उत्तर आहे का, ही ती कसोटी होऊ शकेल. मेकॉलेपाशी ते असते तर त्याने ते लिहिले असते.

येथे एक आक्षेप संभवतो. अशी कसोटी लावली तर ‘पण’ हा शब्दच संशयास्पद ठरेल आणि गद्यातून कबुली नाहीशी होईल. हा आक्षेप वजनदार आहे. ज्या लेखनात एकही ‘पण’ नाही ते बहुधा प्रचारपत्रक असते. आपल्या मताला अडचणीची असलेली गोष्ट नोंदविण्याचे भाषेतील मुख्य साधन तेच आहे. परंतु अडचणीची गोष्ट नोंदविणे आणि ती पार केल्याचे भासविणे ह्यांत अंतर आहे. पहिल्या प्रकारात ‘पण’नंतरचे वाक्य आधीच्या वाक्याशी झुंजते; दुसऱ्यात ते केवळ त्याच्यानंतर येते.

विरोधाच्या संयोजकांविषयी वाचक निदान सावध तरी असतो. साम्याच्या संयोजकांपुढे तो बहुधा निःशस्त्र असतो, कारण साम्य हे सौम्य वाटते. नेल्सन गुडमनने १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या एका निबंधात साम्याच्या कल्पनेवर सात आक्षेप घेतले. कोणत्याही दोन वस्तू कोणत्या ना कोणत्या बाबतीत सारख्या असतातच. म्हणून ‘ही त्याच्यासारखी आहे’ असे नुसते म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. कोणत्या बाबतीत, हे सांगितल्यावरच विधानाला आशय येतो. आणि ते सांगितल्यावर ‘सारखी’ हा शब्द अनावश्यक होतो, असा त्याचा रोख आहे. आपल्या अलंकारशास्त्राला ह्यातील पहिला भाग नवा वाटणार नाही. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द ही उपमेची चार अंगे. चारही असतील तर पूर्णोपमा आणि एखादे गळले तर लुप्तोपमा. इंग्रजी निबंधातील ‘सिमिलरली’ ही जवळजवळ नेहमीच धर्मलुप्ता असते. दोन गोष्टी समोर ठेवलेल्या असतात, वाचक शब्द ठळकपणे वाक्यारंभी असतो आणि ज्या धर्मामुळे तुलना शक्य झाली तोच गैरहजर असतो. काव्यात हे लोपन रसपोषक ठरते, कारण धर्म शोधण्यात सहृदयाला आनंद असतो. युक्तिवादात ती उधारी ठरते.

इंग्रजी गद्याला ह्याची जाणीव फार लवकर झाली होती. जॉन लिलीच्या ‘युफ्यूइस’ने (१५७८) साम्यांची रांगच्या रांग मांडण्याची चाल पाडली. दगड, वनस्पती, पशुपक्षी ह्यांच्याविषयीच्या, बऱ्याचदा केवळ कर्णोपकर्णी असलेल्या समजुती घ्यायच्या आणि ‘जसे ते, तसे हे’ म्हणून मनुष्यस्वभावावर बसवायच्या. फिलिप सिडनीने आपल्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या (१५९५) काव्यविषयक निबंधात ह्या हौसेची टर उडविली आणि जाता जाता एक गंभीर गोष्ट नोंदविली : साम्य विरुद्ध बाजूच्या वादकाला काही सिद्ध करून देत नाही, ते ऐकायला राजी असलेल्याला समजावून देते इतकेच. म्हणजे साम्याच्या संयोजकाची सत्ता वाचकाच्या सद्‌भावावर चालते. त्या सद्‌भावाचा उपयोग पुराव्याऐवजी करणे हा विश्वासाचा गैरवापर होतो.

तौलनिक साहित्यविचारात ह्याची किंमत मोजावी लागली आहे. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये ‘शाकुंतला’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करताना प्रस्तावनेत कालिदासाला भारताचा शेक्सपिअर म्हटले. त्याचा हेतू गौरवाचा होता ह्यात शंका नाही. तरीही त्या समीकरणात साधारण धर्म कोणता, हे सांगितलेले नाही. नाट्यरचना, कल्पनाशक्ती की आपल्या भाषेतील सर्वश्रेष्ठ स्थान? धर्म मोकळा राहिल्यामुळे उपमान आपल्या सगळ्या धर्मांसह उपमेयावर चालून आले आणि संस्कृत नाटकात शेक्सपिअरसारखी शोकात्मिका का नाही, हा उणेपणाचा प्रश्न पुढच्या समीक्षेने कालिदासाला विचारला. साम्य उभयपक्षी सारखे नसते, हे मानसशास्त्रज्ञ आमोस ट्व्हर्स्कीने १९७७ मध्ये प्रयोगांनी दाखविले. लोक कमी ठळक वस्तूची तुलना अधिक ठळक वस्तूशी करतात, उलट दिशेने करीत नाहीत. शेक्सपिअरला इंग्लंडचा कालिदास म्हटले तर तो प्रतीप अलंकार होईल. मराठी समीक्षेने आपल्या कवी-कादंबरीकारांना इंग्रजी उपमाने किती सढळपणे वाटली, ह्याचा हिशेब एकदा कोणीतरी मांडायला हवा.

इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी भाषकापुढे ह्याशिवाय एक खास अडचण आहे. मराठीतील ‘याउलट’ हा शब्द दोन वेगळी कामे करतो. एखाद्या विधानाचे खंडन करून त्याच्या विरुद्ध गोष्ट सांगायची असली तरी ‘याउलट’ चालतो आणि दोन भिन्न वस्तूंची तुलना करायची असली तरी चालतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘ऑन द कॉन्ट्ररी’ आणि दुसऱ्यासाठी ‘बाय कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘ऑन द अदर हँड’ अशी विभागणी आहे. ‘कोकणात पाऊस भरपूर पडतो, याउलट मराठवाडा कोरडा आहे’ ह्या वाक्याच्या इंग्रजी रूपात ‘ऑन द कॉन्ट्ररी’ घातले, तर कोकणातील पाऊसच नाकारल्यासारखे होते. फ्रेंच विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांचा जो संगणकीय अभ्यास सिल्व्हियान ग्रेंजर आणि स्टेफनी टायसन ह्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही ह्याच संयोजकाचा असा दुरुपयोग नोंदलेला आहे. शिवाय मुद्द्यात भर घालणारी काही संयोजके हे विद्यार्थी गरजेपेक्षा जास्त वापरतात आणि युक्तिवादाची दिशा बदलणारी कमी, असेही त्यात दिसून आले. ह्याला शैलीदोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण येथे एक विधान लेखकाच्या इच्छेविरुद्ध खोटे ठरते.

उलट एका बाबतीत मराठी भाषक अधिक सुस्थित आहे. इंग्रजीचा ‘बट’ दोन कामे एकटाच करतो. जर्मनमध्ये त्यांसाठी ‘आबर’ आणि ‘झोंडर्न’ असे दोन शब्द आहेत, स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ आणि ‘सिनो’. मराठीत ‘पण’ आणि नकारानंतर येणारा ‘तर’. ‘तो शिक्षक नाही, तर वकील आहे’ आणि ‘तो शिक्षक नाही, पण शिकवतो छान’ ह्यांतील भेद मराठीत कानालाच कळतो. पहिल्यात एक म्हणणे हटवून तेथे दुसरे बसविले जाते, दुसऱ्यात दोन्ही म्हणणी उभी राहतात. इंग्रजीत ‘नॉट’ आणि ‘बट’ ह्यांच्या जोडीने कोणी न मांडलेले मत आधी उभे करून मग ते पाडण्याची जी सोय आहे, तिचा वक्तृत्वपूर्ण गद्यात अतोनात उपयोग होतो. अशा वाक्याचे मनातल्या मनात मराठी करून ‘तर’च्या आधीचे मत कोणाचे, असे विचारणे हा वाचकासाठी चांगला अभ्यास आहे.

संयोजके गाळून टाकणे हा ह्यावरचा उपाय नव्हे, हे ‘गीतरत्ना’च्या उदाहरणावरून दिसलेच आहे. दोन विधाने नुसती शेजारी ठेवणारा लेखक नाते वाचकाकडून जुळवून घेतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. दोन बातम्या एकाखाली एक छापून जे सुचविता येते, ते छापील शब्दांत लिहिण्याचे धाडस कोणताही संपादक करणार नाही. तेव्हा प्रश्न संयोजके किती असावीत, हा नाही.

सॅम्युअल जॉन्सनच्या ‘पोप-चरित्रा’तील (१७८१) ड्रायडन आणि पोप ह्यांची तुलना ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’मुळे मराठी वाचकाला जॉन्सन परका नाही आणि त्याची तोलून धरलेली वाक्यरचना मराठी निबंधाच्या अंगवळणी पडली आहे. ह्या तुलनेत जॉन्सन विरोधावर विरोध रचतो. एकाला मनुष्यस्वभाव व्यापक रूपात माहीत होता, दुसऱ्याला स्थानिक चालीरीतींत. एकाच्या कल्पना विस्तृत चिंतनातून आल्या, दुसऱ्याच्या सूक्ष्म अवलोकनातून. तरी अशा जोड्यांमध्ये त्याने ‘बट’ घातलेला नाही, अर्धविराम तरी घातला आहे किंवा साधा ‘अँड’. दोन समतोल उपवाक्यांची घडणच विरोध दाखविते आणि ‘अँड’ त्यांतल्या कोणालाही उणे ठरवू देत नाही. प्रत्येक जोडीत तुलनेचा धर्म मात्र उघड सांगितलेला आहे : ज्ञान, कल्पनांचा उगम, शैलीचा स्वभाव. संयोजक मवाळ आहे, कारण काम धर्म करतो आहे.

अखेरीस जॉन्सन आणखी एक गोष्ट करतो, जी त्या काळच्या टीकालेखनात विरळाच. ही तुलना न्याय्य ठरेल अशी आशा व्यक्त करून तो म्हणतो की, ड्रायडनविषयी आपल्या मनात काहीसा पक्षपात असावा असा संशय वाचकाला आला, तर तसाच संशय आपल्यालाही आहे. तराजू कोणाच्या हातात आहे, हे त्याने वाचकाला दाखविले. हा परिच्छेद आजच्या एखाद्या लेखन-मार्गदर्शिकेच्या स्वाधीन केला, तर प्रत्येक जोडीच्या मधोमध ‘ऑन द अदर हँड’ येईल आणि वाचकाला वळणे अधिक सहज दिसतील. पक्षपाताच्या त्या वाक्यापाशी मात्र मार्गदर्शिकेची यादी उघडून बसणारा विद्यार्थी खोळंबेल. त्या जागी बसणारा शब्द तिच्या कोणत्याही रकान्यात नाही.